करडीचा पंजा

आमच्या कॉलेजच्या पहिल्या जिन्यावर माझा एक फोटो लावलेला आहे. अंगावर शाल, हातात नारळ आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू विमानाचा शोध मीच लावला. खाली मोठ्या अक्षरांत 'पेटंटप्राप्त प्राध्यापक'. मी त्या जिन्यानं जात नाही. इमारतीच्या दुसऱ्या टोकाला एक जिना आहे, त्यानं चढतो. कुणी विचारलं तर गुडघ्याचं कारण सांगतो. ते कुणालाच पटत नाही, कारण दुसरा जिना जास्त उभा आहे.

मी लातूरच्या एका खाजगी अभियांत्रिकी कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो. मला जुनी पेटंटं वाचायचा नाद आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, बहुतेक परदेशातली. आता ती घरबसल्या संगणकावर बघता येतात. कपडे वाळत घालायचा चिमटा, बटाट्याची साल काढायची सुरी, दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्यात टाकायची चकती. काळ्या शाईत काढलेली नेटकी चित्रं, प्रत्येक भागाला आकडा, आणि मजकुराच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असायचं की सर्वांना कळावे, मी अमुक, राहणार तमुक, मी हे नवे साधन शोधले आहे. शेवटी सही आणि सहीच्या बाजूला दोन साक्षीदार. त्या माणसांत न्हावी असायचे, शिंपी असायचे, घर सांभाळणाऱ्या बाया असायच्या. वर्गात मी हे सगळं रंगवून सांगायचो. 'शोध लावायला डिग्री लागत नाही, अडचण लागते,' हे माझं ठरलेलं वाक्य. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. आता मी ते वाक्य म्हणत नाही.

माझी थोरली बहीण लोहा तालुक्यातल्या एका गावात दिलेली आहे. तिला आम्ही अक्का म्हणतो, आणि ती मला बापू. दाजींची थोडी जमीन आहे, आणि त्यातल्या एका तुकड्यात ते दर रब्बीला करडी, म्हणजे करडई पेरतात, घरच्या तेलापुरती. ज्यांनी करडी काढली नाही त्यांना ती काय चीज आहे ते सांगून कळायचं नाही. कोवळी असताना तिची भाजी होते, आणि वाळली की तेच झाड अंगावर धावून येतं. पानापानाला काटा, बोंडाला काटा. बाया पहाटेच्या दवात कापायला जातात, कारण दवानं काटे जरा नरम पडतात. हाताला चिंध्या गुंडाळायच्या, पायात नवऱ्याचे जुने मोजे घालायचे आणि ऊन चढायच्या आत निघायचं. तरी आठवडाभर बोटांतून काटे काढत बसावं लागतं. म्हणून करडी कमी होत गेली. मोठ्या रानात हार्वेस्टर येतं, पण अक्काच्या तुकड्यासाठी ते कोण आणणार?

अक्कानं यावर तोड काढली होती. तेलाच्या पत्र्याच्या डब्याचा एक तुकडा वाकवून डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत बसेल असा केला, आत जुन्या वाकळेचं कापड शिवलं, आणि पुढं लोखंडाची दोन बोटं, आतल्या बाजूला किंचित वळवलेली. ती बोटं झाडाच्या कंबरेत घालायची आणि मनगट नुसतं फिरवायचं. अख्खा झुपका आवळला जातो. मग उजव्या हातानं खालून विळा. काट्याला हात लागतच नाही. पहिला तिनं बाभळीच्या बेचक्याचा केला होता, तो मोडला. मग गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून सळईचा करून घेतला. बोटं किती वळवायची, हे तिला दोन वर्षं कापून कापून सापडलं होतं. जास्त वळवली तर झुपका सुटत नाही, कमी वळवली तर धरत नाही. कापणीला एकत्र जाणाऱ्या टोळीतल्या बाया त्याला पंजा म्हणायच्या आणि आलटून पालटून मागून न्यायच्या.

मी तो पंजा पहिल्यांदा पाहिला तेव्हा खरोखर थक्क झालो होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं ऐकून तुम्हाला वाटेल की मी आधीपासूनच डाव धरून गेलो होतो. तसं नव्हतं. मी फोन काढला आणि फोटो घेतले. अक्का पंजा घालून हसत उभी राहिली, पदर सारखा केला. मी म्हणालो, "जरा बाजूला सरक गं, पंजा नीट दिसू दे." ती सरकली. फोटोत तिचा हात तेवढा आला.

तिकडे कॉलेजात पेटंटचं वारं सुटलं होतं. कुठल्याशा तपासणीच्या रकान्यात पेटंटला गुण होते, आणि बढतीच्या रकान्यातही. आमच्या विभागप्रमुखांनी बैठकीत सांगून टाकलं, "प्रत्येकानं काहीतरी शोधा. नाही सापडलं तर दुसऱ्याच्या शोधात सामील व्हा." आणि लोक खरंच सामील होत होते. एका अर्जावर सहा-सहा नावं, म्हणजे सहा जणांचं भागतं. मी बारा वर्षं सहायक प्राध्यापक होतो. माझ्यामागून आलेला एक जण माझ्यापुढं गेला होता आणि रोज मला 'काय सर, कसं काय' म्हणायचा. त्या बैठकीत मी फोन काढून पंजाचा फोटो दाखवला.

"हे काय आहे?" प्रमुखांनी विचारलं.

मी म्हणालो, "माझं एक डिझाइन आहे, सर."

ते वाक्य कसं निघालं, मला माहीत नाही. अडखळलोसुद्धा नाही. पुढं कधीतरी खरं सांगू असं वाटलं असेल, पण ते कधीतरी आलंच नाही. मी संगणकावर पंजाचं चित्र काढलं, बोटांवर किती जोर येतो त्याचं गणित केलं, आणि त्या गणितातून वळणाचा कोन काढला. तो अक्काच्या कोनाइतकाच आला. मला त्याचा आनंद झाला, माझं गणित बरोबर आल्याचा. अर्जाला नाव दिलं, 'काटेरी पिकांच्या कापणीसाठी अग्रबाहू-संरक्षक पकड साधन'. शोधकर्त्यांच्या रकान्यात सहा नावं गेली. पहिलं माझं, दुसरं प्रमुखांचं, मग आणखी चार. त्यातल्या एकानं मला विचारलं होतं की करडई म्हणजे ती कोथिंबिरीसारखी जुडी मिळते तीच का?

अर्ज प्रसिद्ध झाला तेव्हाच कॉलेजनं शाल आणि नारळ देऊन टाकला. घाई सगळ्यांनाच होती. तो फोटो मी अक्काला पाठवला, खाली पंजाची सरकारदरबारी नोंद होतेय असं लिहून. का पाठवला? कौतुक करून घ्यायची सवय, दुसरं काय. तिनं लगेच फोन केला.

"बापू, पंजाची नोंद झाली म्हणं सरकारात?"

"हो, होतेय."

"मंग आता कुनी बंदी तर न्हाई ना आणणार त्याच्यावर? बाया इचारून राहिल्यात."

"नाही गं. तुम्ही वापरा खुशाल."

"नाव कुनाचं लागलं?"

"कॉलेजचं," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली. "तुहं तरी लावायचं की रं. तू एवढा राबलास."

इथं तरी मला बोलता आलं असतं. मी म्हणालो की रेंज नीट येत नाही.

मग आक्षेपाचं पत्र आलं. पेटंट कार्यालयातला तपासणारा जो कोणी असेल, तो हुशार माणूस होता. त्यानं विचारलं होतं की अशा तऱ्हेचं हातसाधन त्या भागातल्या शेतमजूर स्त्रिया आधीपासून वापरत असण्याची शक्यता दिसते, तरी खुलासा करावा. पत्र घेऊन मी तडक प्रमुखांकडं गेलो. प्रमुख मात्र शांत होते. आमचं काम बघणारा एजंट फोनवर म्हणाला, "सोपं आहे. करडई काढणाऱ्या एखाद्या अनुभवी शेतकऱ्याचं प्रतिज्ञापत्र जोडा, की असं काही आधी नव्हतं म्हणून. बाई असेल तर फारच छान." सहा जणांतला एक तरुण लगेच म्हणाला, "सर, तुमची बहीणच आहे ना तिकडं शेतात?"

मी हो म्हणालो. नाही म्हणायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

शनिवारी सकाळी अहमदपूरमार्गे लोह्याला उतरलो, तिथून गावात. मजकूर टाइप करून नेला होता, मराठीत, बॉन्ड पेपरवर. अक्का अंगणात तुरी पाखडत होती. मला वाटलं होतं की कामात आहे, म्हणेल कुठं सही करू, आणि करून मोकळी होईल. हे वाटणं किती हलकट होतं, ते मला पुढच्या पाच मिनिटांत कळलं. मी पहिलीत असताना मला पाटीवर हात धरून 'ग' गिरवायला तिनंच शिकवलं. ती स्वतः सातवी शिकली, आणि तेव्हापासून तिच्या हाती आलेला कुठलाही कागद तिनं न वाचता सोडलेला नाही. खताच्या पिशवीवरचा मजकूरसुद्धा ती शेवटपर्यंत वाचते.

तिनं सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले, आतून दाजींचा चष्मा आणला आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागली. तिचं नाव, वय, धंदा शेती, राहणार अमुक. मग ती त्या ओळीवर आली. "सदर साधन किंवा त्यासारखे कोणतेही साधन उपरोक्त शोधकर्त्यांनी तयार करण्यापूर्वी मी कधीही पाहिलेले अथवा वापरलेले नाही." ती थांबली. बोट मागं नेऊन तिनं ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनातल्या मनात. तिच्या डोक्यावर, भिंतीतल्या खिळ्याला, पंजा टांगलेला होता. पत्र्यावर अजून तेलाच्या कंपनीचं अर्धं फूल दिसत होतं.

तिनं पंजाकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.

"आसंच लिव्हावं लागतं का रं, बापू?"

"हो," मी म्हणालो. "कायद्याची भाषा असते ती."

"न्हाई लिव्हलं तर?"

"तर माझं अडेल."

हे मात्र मी खरं बोललो. त्या सगळ्या प्रकरणातलं ते माझं एकमेव खरं वाक्य, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. कारण 'बापूचं अडेल' हे ऐकल्यावर अक्का काय करणार, हे मला चाळीस वर्षांपासून माहीत होतं.

"मंग बरं," ती म्हणाली. तिनं चष्मा काढून डबीत ठेवला. सही नोटरीसमोर करायची होती, म्हणून ती लुगडं बदलून आली आणि आम्ही दाजींच्या मोटारसायकलवर लोह्याला गेलो. तहसीलजवळ पत्र्याच्या शेडमध्ये नोटरी बसतात. त्यातल्या एकानं कागद चाळला आणि सरावानं विचारलं, "बाई, मजकूर वाचला का? खरा आहे ना? शपथेवर सांगा." समोरच्या रांगेत लोक झेरॉक्स घेऊन उभे होते, त्याला घाई होती. अक्कानं पायातल्या चपला काढल्या. त्या शेडमध्ये, तंबाखूच्या पिंका पडलेल्या फरशीवर, ती अनवाणी उभी राहिली, देवळात राहतात तशी. "हाव," ती म्हणाली. "खरं हाय. शपथ." मग तिनं सही केली, एकेक अक्षर सुटं काढून.

मी तिच्या चपलांकडं बघत होतो. मला तेव्हा तो कागद ओढून घेऊन फाडता आला असता. नोटरी शिव्या घालत राहिला असता, बस. मी कागद घडी पडू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. निघताना अक्कानं करडीच्या तेलाची बाटली दिली, तीही मी घेतली. घरी बायको म्हणाली की या खेपेचं तेल फार छान आहे.

पुढं पेटंट मिळालं. बढतीही मिळाली. नव्या खुर्चीत बसल्यावर पहिले काही दिवस मला बरंही वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. लाज सुरुवातीला अंगाला लागत नाही, ती नंतर लागते. मी जुनी पेटंटं वाचायची सोडली. 'मी अमुक, राहणार तमुक' एवढं वाचलं तरी पुढं जाववेना.

यंदा संक्रांतीच्या आठवड्यात अक्कानं बोलावलं. तिच्याकडं हळदीकुंकू होतं. मी बाहेरच्या खोलीत दाजींजवळ तीळगूळ खात बसलो होतो. आत टोळीतल्या बाया जमल्या होत्या. आमच्याकडं हळदीकुंकवाला वाण लुटतात, म्हणजे येणाऱ्या प्रत्येक बाईला काहीतरी वस्तू द्यायची. वाटी, चमचा, गाळणी, ज्याला जे झेपेल ते. भांडं असेल तर त्यावर नाव घालून घ्यायचं, ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत, की कुणाकडून आलं ते पिढ्यान् पिढ्या कळावं. करडी कापणीला महिना-दीड महिना उरला होता. अक्कानं वेल्डिंगवाल्याकडून अकरा पंजे करून घेतले होते आणि तेच वाण म्हणून दिले.

एक बाई तिचा पंजा घेऊन दारापर्यंत आली आणि मला म्हणाली, "भाऊ, लई चांगलं केलंत. तुमचाच शोध म्हणं ह्यो."

मी पंजा हातात घेतला. नव्या चकचकीत पत्र्यावर बाजारातल्या भांडेवाल्यानं नाव घातलं होतं. माझं. आडनावासकट, पुढं 'प्रा.' लावून. मी दुसऱ्या बाईच्या हातातला पाहिला. तोच मजकूर. अकराच्या अकरा.

आत एक म्हातारी बसली होती, टोळीत सगळ्यात जुनी. तिला दिसायला कमी झालंय, पण जीभ जिथल्या तिथं आहे. ती म्हणाली, "ह्याचा कसला शोध गं? ह्यो पंजा तर आमी तुह्याच हातात पाहिला की. बेचक्याचा व्हता तवापासून. तो मोडला तवा तू रडली व्हतीस."

सगळ्या बाया अक्काकडं बघायला लागल्या. मीही. मला खरंच वाटलं की आता सुटलो. ती हसून म्हणेल, व्हय गं माय, महाच हाय तो. सगळ्यांसमोर माझी फजिती होईल आणि एकदाचं संपेल. मी त्याची वाट पाहत होतो, तहानेल्यासारखी.

अक्का कुंकवाचा करंडा बंद करत होती. ती म्हणाली, "न्हाई मावशी. मी त्याच्याआधी कधी पाहिला न्हाई आन् वापरलाबी न्हाई. शपथेवर लिहून दिलंय मी."

म्हातारी काहीतरी बोलणार होती, पण तिनं अक्काचा चेहरा पाहिला असावा, तेवढं तिला जवळून दिसत असणार. बायांनी आपापले पंजे पिशव्यांत घातले.

सगळ्या गेल्यावर मी आत गेलो. येतानाच पाहिलं होतं, अंगणातल्या भिंतीवर खिळा होता, पंजा नव्हता.

"जुना कुठाय, अक्का?"

"भंगारवाल्याला दिला." ती हळदीकुंकवाचं ताट आवरत होती. "तो हितं लटकलेला ऱ्हायला आसता तर मही शपथ खोटी पडली आसती न्हाई का? उद्या कुनी साहेब बघाया आला तर तुलाच तरास."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला, कारण टोमणा सापडला असता तर मला बरं वाटलं असतं. मी म्हणालो, "अक्का, मी चुकलो." ती म्हणाली, "चूक कशाची त्यात? तुहं अडलं व्हतं." आणि जेवून जा म्हणाली. मी जेवलो.

लातूरला आल्यावर मी नियम पाहिले. खऱ्या शोधकर्त्याचं नाव लावून घेण्यासाठी अर्ज करता येतो म्हणतात. तो मी भरूनही ठेवला आहे. पण तो पाठवायचा म्हणजे अक्कानं चपला काढून घेतलेली शपथ खोटी ठरवायची, आणि ती खोटी होती हे मीच लिहून द्यायचं. माझ्या बाजूनं तिनं अशी कडी लावून घेतली आहे, की मला बाहेर पडायचं तर दार तिच्यावर आपटल्याशिवाय उघडत नाही. किंवा असं म्हणणं ही माझी पळवाट असेल. मला दोन्ही पटतं, जसा दिवस असेल तसं.

तो पंजा तिनंच केला होता याचा दाखवता येईल असा आता एकच पुरावा उरला आहे, आणि तो माझ्या फोनमध्ये आहे. त्या पहिल्या दिवशीचा फोटो. जुना पंजा आहे, पत्र्यावरचं अर्धं फूल आहे, तारीखसुद्धा आहे. पण कुणाचा हात आहे ते त्यावरून सांगता येत नाही. दोन हिरव्या बांगड्या आणि बोटांवर काट्यांचे जुने वण, असे हात तिकडं घरोघरी आहेत. चेहरा नाही. बाजूला सरक, असं तिला मीच म्हणालो होतो.